सात फळ्यांवरच्या फुल्या

एकदा एक माणूस शांतता विकत आणायला निघाला.

शांतता कुठं विकत मिळते, असं तुम्ही म्हणाल. मिळते. शहरात तिची दुकानं आहेत, काचेचं दार लावलेली, आत गारवा सोडलेली. तिथं ती तारेच्या रूपात मिळते, आणि यंत्राच्या पायाखाली ठेवायच्या गोळ्यांच्या रूपातही मिळते. या माणसानं दोन्ही आणलं होतं, आठ दिवसांच्या बोलीवर. पसंत पडलं तर ठेवायचं, नाही तर परत.

माणसाचं नाव भालचंद्र. गाव मागांचं. उजाडायच्या आत माग सुरू होतात आणि मग दिवसभर धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. तिथं पाण्याचा तांब्या भरून ठेवला तर पाण्यावर बारीक वळ्या उठत राहतात. भालचंद्र त्या मागांवर जॉबर होता. जॉबर म्हणजे मागाचा वैद्य. चाळीस मागांच्या कल्लोळात कुठला माग कण्हतो आहे ते कानानं ओळखायचं, त्याच्यापाशी जायचं, निळ्या खडूनं त्याच्यावर फुली मारायची. फुली म्हणजे या मागाला कुणी हात लावू नका, हा बिघडला आहे. छत्तीस वर्षं त्यानं हे काम केलं आणि कान उतरायच्या आत निवृत्त झाला, हे त्याचं भाग्य. त्या धंद्यात फार थोड्यांचे कान शेवटपर्यंत टिकतात.

निवृत्त झाल्यावर त्याला एकच ओढ लागली. गाणं ऐकायचं. जन्मभर जे कानावर आदळलं ते धुऊन काढायचं. त्यानं हप्त्याहप्त्यानं एकेक वस्तू जमवली. तबकडी फिरवणारं यंत्र, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर. आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, मागच्या काळात रेडिओच्या दुकानात दिसायचा तसा, पण चांगला शेगडीएवढा. आणि दोन उंच स्पीकर, खांद्याला लागतील असे. मधोमध एक खुर्ची. दुसरी खुर्ची नाही, कारण दोन स्पीकरांच्या मधला नेमका बिंदू एकच असतो. तिथं बसलं की गाणारा समोर येऊन बसतो, असं म्हणतात.

भालचंद्र आणि त्याची बायको मालन माडीवर राहायची. खाली सुताचं गोदाम. माडी लाकडी, तुळयांवर फळ्या टाकलेली. मागे स्वयंपाकघर, पुढे सज्जा, आणि मध्ये ही यंत्राची खोली. मालनला धुणं वाळत घालायचं असो, वाळवण उचलायचं असो, की भाजीवालीला हाक मारायची असो, याच खोलीतून जावं लागायचं. ती चालली की फळ्या हलायच्या. फळ्या हलल्या की यंत्र हलायचं. यंत्र हललं की तबकडीवरची सुई उडायची, आणि आलाप मधेच तुटायचा.

सुरुवातीला तो नुसता हात वर करायचा. ती थांबायची. पदर खोचलेला, डोक्यावर ओल्या कपड्यांची बादली, उंबऱ्यात उभी. तबकडीची बाजू संपेपर्यंत वीस मिनिटं. एकदा तिनं विचारलं, "अहो, मी काय पुतळा हाय?"

"थोडं थांबलीस तर काय बिघडतं?"

"कपडे वाळायचे थांबत्यात तवर."

मग त्यानं डोकं लढवलं. आता हे लक्षात घ्या, त्यानं रागानं काही केलं नाही. तो जॉबर होता, आणि जॉबर दोष शोधतो. त्यानं तबकडी लावली आणि स्वतः एकेका फळीवर पाय टाकून बघितला. सव्वीस फळ्यांपैकी सात फळ्या अशा निघाल्या, की त्यांच्यावर पाऊल पडलं की सुई उडते. बाकीच्या निर्धोक. त्यानं निळा खडू घेतला आणि त्या सात फळ्यांवर फुल्या मारल्या. मग मालनला बोलावून आनंदानं दाखवलं, "आता तुला थांबायला नको. एवढ्या सात फळ्या सोडून खुशाल चाल."

मालननं फुल्यांकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. मग बादली उचलून भिंतीच्या कडेनं, मग एक लांब ढांग टाकून, मग पुन्हा कडेनं, अशी सज्ज्यात गेली. सुई हलली नाही. भालचंद्रला वाटलं, दोघांचंही काम झालं.

दीड वर्ष ती तशी चालली. मग लेकीचं बाळंतपण आलं आणि ती लेकीकडे गेली, तीन तासांच्या वाटेवरच्या गावाला. बाळंतपण आटोपलं, बारसं झालं, बाळ पालथं पडायला लागलं, बसायला लागलं. मालन आली नाही. फोनवर भालचंद्रनं विचारलं की ती म्हणायची, "तुमचं ऐकणं झालं की सांगा, येते."

यात राग नव्हता, हीच खरी भीतीची गोष्ट होती. रागावलेलं माणूस भांडायला तरी परत येतं.

भालचंद्रला चूक कळली नाही असं नाही. त्याला अर्धी कळली. त्याच्या मनानं घेतलं, की फळ्यांची भानगड मिटवली पाहिजे. यंत्राच्या पायाखाली असं काही ठेवलं पाहिजे, की मालन नाचली तरी सुई हलू नये. मग तिला हक्कानं बोलावता येईल. म्हणून तो शहरातल्या त्या काचेच्या दुकानात गेला.

दुकानदार गोड बोलणारा. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, यंत्राखाली ठेवायचे पाये तर देतोच. पण एक विचारू? वीज कुठल्या तारेनं नेता यंत्रात?"

"यंत्राबरोबर आली होती तीच."

दुकानदारानं डोळे मिटले, घरात कुणी गेल्याचं ऐकावं तसे. "साहेब, अहो, एवढं यंत्र, आणि त्याला इस्त्रीची वायर? वीज म्हणजे यंत्राचं अन्न. अन्न अशुद्ध, तर गाणं शुद्ध कसं येणार?"

"आणि फरक ऐकू आला नाही तर?"

"तर दोन महिने वाट बघायची. कान तयार व्हायला वेळ लागतो." असं म्हणून त्यानं तीन तारा आणि तीन जातींचे पाये खोक्यात भरून दिले.

सहा दिवस भालचंद्र एकटा त्या खुर्चीत बसला. तार काढायची, दुसरी घालायची, तबकडी लावायची, खुर्चीत येऊन बसायचं. पुन्हा उठायचं. एका तारेनं आवाजाला खोली आली असं वाटायचं, दुसरीनं गोडवा, तिसरीनं गाणारा हातभर पुढे सरकायचा. आणि प्रत्येक वेळी शेवटी वाटायचं, काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते सापडत नव्हतं. दुपारी दोन घास खायचे, ताट घासून पालथं घालायचं, पुन्हा खुर्ची. सहा दिवसांत तो दोन माणसांशी बोलला होता, आणि त्यातला एक दूधवाला.

सातव्या दिवशी त्याला आप्पा आठवले.

तवनाप्पा मिस्त्री, त्याचे गुरू. भालचंद्र सतरा वर्षांचा असताना त्यांच्या हाताखाली लागला होता. त्या गावात त्यांच्या कानाला तोड नव्हती. कारखान्याच्या दारातून आत येतानाच ते म्हणायचे, "एकोणीस नंबरचा पट्टा सैल हाय." आणि एकोणीस नंबरचा पट्टा सैल असायचा. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात, एका खोलीत एकटेच राहायचे. भालचंद्र किती वर्षांत त्यांच्याकडे गेला नव्हता, ते त्यालाही मोजता आलं नसतं.

आप्पा उन्हात बाजेवर बसले होते. त्यानं पाया पडून समोर बसून सगळं सांगितलं. तारा, पाये, दुकानदार, उद्या परत द्यायची मुदत. मालनचंही सांगितलं, पण ओझरतं, लेकीकडे गेली आहे एवढंच. आप्पा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, पूर्वी मागाकडे बघायचे तसे.

"तुमच्या कानानं एकदा ऐका, आप्पा. तुम्ही म्हणाल ती ठेवतो."

आप्पांनी बाजेखालच्या वहाणा ओढल्या. म्हणाले, "चल. लई दिवसांत कुणी ऐकायला बोलावलं न्हाई."

जिना चढायला त्यांना वेळ लागला. खोलीच्या उंबऱ्यात ते थांबले आणि खाली बघितलं. भालचंद्रनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. मग तिन्ही तारा त्यांच्या मांडीवर ठेवल्या. एक मनगटाएवढी जाड, काळ्या-पांढऱ्या विणीचं आवरण असलेली. आप्पांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"वीण चांगली हाय. कुठल्या मागावरची?"

"आप्पा, वीण कशाला बघता? आत चांदीचा मुलामा आहे."

"बरं. भालू, एक सांग. ही वीज घरात कुठनं येती?"

"बाहेरच्या खांबावरनं."

"खांबावर कुठनं?"

"डीपीवरनं."

"आन् डीपीवर?"

"सबस्टेशनवरनं. तिथं आणखी लांबून."

"एवढी कोसभर तार कशाची?"

"ॲल्युमिनियमची."

"आन् ह्या भितीतली?"

"ती आपण घर घेतलं तेव्हाचीच."

"म्हंजे कोसभर चालत, धुळीनं भरून आलेली बाई," आप्पा म्हणाले, "आन् शेवटच्या चार हातांत शालू नेसवायचा."

भालचंद्रला हसू आलं. सात दिवसांत पहिल्यांदा. पण त्यानं हट्ट सोडला नाही. तिन्ही तारा त्यानं पाळीपाळीनं लावून दाखवल्या, तीच तबकडी, तोच आलाप. दर वेळी आप्पांच्या तोंडाकडे बघायचा. आप्पा दर वेळी त्याच्या तोंडाकडे बघायचे.

"कुठली, आप्पा?"

"तू सांग की."

"मला पहिलीत खोली वाटते. दुसरीत गोडवा आहे. पण तिन्हीत काहीतरी कमी पडतंय."

"व्हय," आप्पा म्हणाले. "तुझ्या तोंडावर दिसतंय. आता त्ये पाये दाव."

पाये तीन जातींचे. एक पितळेचे टोकदार सुळके. एक मऊ गोळे, रबरासारखे. आणि एक लहानशा वाट्या, आत पोलादी गोळी, तिच्यावर पालथी दुसरी वाटी. भालचंद्रनं आधी सुळके लावले आणि तबकडी सुरू केली. आप्पा काठी टेकत उठले, नेमके एका निळ्या फुलीवर जाऊन उभे राहिले आणि टाच आपटली. सुई उडाली. मऊ गोळे लावले. आप्पांनी टाच आपटली. सुई दचकली, पण सावरली. मग गोळीच्या वाट्या लावल्या. आप्पांनी टाच आपटली, काठी आपटली, दुसऱ्या फुलीवर गेले, तिथंही आपटली. आलाप तसाच चालू राहिला, जणू घरात कुणी नाहीच.

"हेच," भालचंद्र म्हणाला. "हेच पाहिजे होतं, आप्पा. आता मालन कुठूनही चालली तरी चालेल. आजच फोन करतो तिला."

आप्पा खुर्चीत येऊन बसले. दम लागला होता. म्हणाले, "यंत्र बंद कर. पाणी आण."

भालचंद्रनं यंत्र बंद केलं, सुई उचलून ठेवली, तबकडी पाकिटात घातली. मग स्वयंपाकघरातून पेला भरून आणला. आप्पांनी पेला घेतला, शेजारी जमिनीवर ठेवला.

"आणखी एक आण."

दुसरा आणला. तोही त्यांनी न पिता पहिल्याशेजारी ठेवला.

"आणखी एक."

भालचंद्रला वाटलं, म्हातारपण आहे, विसरतात. तो गेला, तिसरा पेला भरून आणला. आप्पांनी तिन्ही पेले ओळीनं मांडले आणि एकालाही तोंड लावलं नाही.

"आप्पा, तहान नव्हती का?"

"न्हवती." आप्पांनी काठीनं जमिनीकडे दाखवलं. "तुझी चाल बघायची हुती. यंत्र बंद हाय. सुई उचललेली हाय. तबकडी पाकिटात हाय. घरात तू एकटा. तरी तीनदा गेलास, तीनदा आलास, आन् एकदाबी फुलीवर पाय टाकला न्हाईस. भितीच्या कडंनं आलास, मधी ढांग टाकलीस, पुन्यांदा कडंनं. कुणाला भिऊन चालतूस?"

भालचंद्रनं खाली बघितलं. त्याचे पाय दोन फुल्यांच्या मध्ये, एका अरुंद निर्धोक फळीवर, जोडून उभे होते.

"आन् खडू ताजा हाय," आप्पा म्हणाले. "आठ-धा दिवसांतला. मालन लेकीकडं जाऊन किती महिने झालं?"

"नऊ."

"मग ह्या फुल्या कुणासाठी गिरवतूस?"

केर काढताना फुली पुसट झालेली दिसायची, आणि हात आपोआप खडूकडे जायचा, एवढंच भालचंद्रला माहीत होतं. कपाळावरचं कुंकू फिकट झालं की बाई आरशापाशी जाते, तसा तो गुडघे टेकून खाली बसायचा.

आप्पा मग म्हणाले ते असं, आणि ही गोष्ट ज्यासाठी सांगायची ते एवढंच आहे.

"पोरा, पाये चांगले हाइत. त्येंच्यात खोट न्हाई. पर मी तुला काय शिकवलं हुतं? माग हलतूया म्हणून कारागिराला सांगत न्हाईत, की बाबा तू हलू नगंस. मागाच्या बुडाला लाकूड घालत्यात, लोकरीचा नमदा घालत्यात. यंत्राला ठाव द्यायचा असतूय आन् माणसाला वाव. तू उलटं केलंस. ह्या भितीत दोन लोखंडी कंस ठोकून वर फळी टाकली असतीस, आन् त्या फळीवर यंत्र ठेवलं असतंस, तर जिमीन कितीबी हलू दे, सुईला काय कळलं असतं? हे तुला ठावं न्हवतं असं न्हाई. धा मिनिटांचं काम. पर तुला भित दिसली न्हाई. तुला चालणारी बाई दिसली. बिघडल्याली वस्तू कळावी म्हणून जी फुली मारायची आपली रीत, ती तू बायकोच्या वाटंवर मारलीस. ती बिचारी त्येच समजली. आपल्यातच बिघाड हाय, असं."

खाली गोदामात कुणीतरी सुताची गाठोडी टाकत होतं. प्रत्येक गाठोड्यागणिक पेल्यांतलं पाणी थरथरत होतं.

मग भालचंद्र म्हणाला, "मला सारखं वाटत होतं आवाजात काहीतरी कमी आहे. तुम्हाला पण वाटलं का?"

आप्पांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग हसले, दातच उरले नव्हते त्यामुळं लहान मुलासारखे.

"मला कुठलं वाटतंय? सात-आठ वर्सं झाली मला ऐकाय येत न्हाई. डावा कान गेला, मागनं उजवा. तू माझ्या समूर बसलास तर तुझ्या ओठांवरनं कळतंय. मागावर काम केल्यालं माणूस हाय मी, त्या गोंगाटात आपण दुसरं काय करत हुतो? तू भितीकडं तोंड करून बोललास तर एक अक्षर न्हाई कळत."

"मग आप्पा, तुम्ही आलात कशाला?"

"बोलावलंस की," आप्पा म्हणाले. आणि काठी शोधू लागले.

भालचंद्रनं त्यांना खोलीपर्यंत पोचवलं, भाकरी आणि झुणका बांधून दिला, लवकरच पुन्हा येतो म्हणाला. परत आला तेव्हा ऊन सज्ज्यातून आत येऊन सातही फुल्यांवर पडलं होतं. त्यानं ओलं फडकं घेतलं आणि एकेक फुली पुसली. शेवटची पुसल्यावर त्या फळीवर सगळा भार देऊन उभा राहिला. फळी वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तारा आणि पाये दुकानदाराला परत दिले. दुकानदार म्हणाला, "साहेब, पाये तरी ठेवायचे. चालले नाहीत का?"

"चालले," भालचंद्र म्हणाला. "चालणारं माणूस नाही घरात." आणि तिथूनच लेकीच्या गावची एसटी धरली.

वाटभर त्यानं मनाशी जुळवाजुळव केली. फुल्या पुसल्या, हे सांगायचं. भिंतीला कंस ठोकतो, हे सांगायचं. आजच्या आज चल, हे शेवटी. तीन तासांत त्यानं हे इतक्या वेळा घोकलं, की शब्दांची चव गेली.

लेकीचं घर नवं, खाली गुळगुळीत फरशी. लेक नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. जावई कामावर. भालचंद्र पुढच्या सोप्यात पाटावर बसला, आतल्या दाराकडे पाठ करून. त्याला वाटलं, मालन येईल तेव्हा पाऊल ऐकू येईल, मग उठू, वळू, बोलू. हा माणूस चाळीस मागांत एक सैल पट्टा ओळखणारा. तीन तारांतला फरक ओळखणारा. तो कान देऊन बसला. आतून भांड्यांचा आवाज आला, स्टोव्ह बंद केल्याचा आला, मग काहीच नाही. त्याला वाटलं, ती बाहेर यायची नाही.

"चहा," मालन म्हणाली.

तो दचकला. ती त्याच्या मागे, खांद्याशी उभी होती, हातात कपबशी घेऊन. कधी आली ते कळलंच नव्हतं.

लेक हसली. "बाबा, तुम्हीपण दचकलात? आईचं हल्ली असंच. मांजरासारखी येते. परवा मी घाबरून बाळाची वाटी पाडली. मी तिला म्हणते, आई, जरा पाय वाजवत चाल गं, घर तुझंच आहे."

मालन म्हणाली, "वाजतच न्हाईत, तर काय करू."

भालचंद्रनं तिच्या पायांकडे बघितलं. ती फरशीवर उभी होती, आणि या फरशीवर हलणारं काही नव्हतं, उडणारी सुई नव्हती. तरी तिनं सगळा भार पंज्यांवर तोललेला होता, टाचा जेमतेम टेकलेल्या. मग ती आत जायला वळली. दोन पावलं सरळ टाकली, तिसरं भिंतीकडे गेलं, आणि मग एक लांब ढांग. जिथं काहीच नव्हतं, तिथं.

घोकलेलं सगळं त्याच्या तोंडातच राहिलं. फुल्या पुसल्या, हे आता कसं सांगायचं?

त्यानं चहा संपवला. कप स्वतः आत नेऊन ठेवला. मालन पीठ मळत होती.

"मी थोडे दिवस इथं राहिलो तर चालेल का?" त्यानं विचारलं.

तिनं वर बघितलं. "तुमचं ते यंत्र?"

"बंद आहे."

"आन् ऐकणं?"

तो तिथंच, पिठाच्या डब्याशेजारी, जमिनीवर बसला. ती पुन्हा खाली बघून मळायला लागली. थोड्या वेळानं तिनं डब्यातून आणखी दोन मुठी पीठ परातीत घेतलं.

फळीवरची खूण ओल्या फडक्यानं निघते. माणसाच्या पावलात उतरलेली खूण काढायची, तर ते पाऊल जिथं असेल तिथं जाऊन राहावं लागतं, आणि किती दिवस, ते विचारायचं नसतं.